वरची थोरली, खालची धाकटी

मित्रांनो, मी एक जुनी बोलनळी आहे. निदान असे मला वाटते. नीट सांगायचे तर मी दोन अर्ध्या बोलनळ्या आहे. एकीचे डोके आणि दुसरीचे पाय जोडून माझा एक देह केलेला आहे. त्यामुळे माझे बोलणे मध्येच अडखळले किंवा भलतीकडे वळले, तर रागावू नका. स्वतःची कहाणी सांगणाऱ्याला निदान आपण कोण हे तरी ठाऊक असावे लागते. माझी गाडी तिथेच अडते.

बोलनळी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली नसेल. ती एक साधी लोखंडी नळी असते. दोन्ही टोकांना पितळेचे पसरट तोंड, आणि प्रत्येक तोंडात शिट्टी बसवलेले एक बूच. आपल्या टोकाचे बूच काढून आत फुंकर मारली की दुसऱ्या टोकाची शिट्टी वाजते. तिथला माणूस आपले बूच काढतो, कान लावतो, आणि मग दोघे बोलतात. तार तुटायची भीती नाही की वीज जायची भीती नाही. आमच्यात बिघडण्यासारखे काही नाही, असे लोक म्हणत. पुढे काय झाले ते ऐकल्यावर तुम्हीच ठरवा.

आम्ही दोघी बहिणी एकाच कारखान्यात, एकाच आठवड्यात जन्मलो. तिथे एक म्हातारा कारागीर होता. नळी तयार झाली की तो तिच्यात तोंड घालून विचारी, "कोण आहे?" आणि दुसऱ्या टोकाशी बसलेला त्याचा जावई म्हणे, "मी आहे, मामा." एवढे झाले की नळी पास. माझ्या आयुष्यात मी ऐकलेले पहिले शब्द हेच. 'कोण आहे?' त्या वेळी उत्तर फार सोपे होते.

मग युद्ध आले. समुद्राकाठच्या एका टेकडीचे पोट कोरून तिच्यात भुयारे केली होती. टेकडीच्या माथ्यावर टेहळणीची खोली होती. तिला एक आडवी फट होती आणि फटीतून म्हणे फक्त समुद्र दिसे. मला डोळे नाहीत, मी ऐकीव सांगते आहे. खाली एका बाजूला तोफेची खोली आणि दुसऱ्या बाजूला रसोईघर. शत्रूची जहाजे आली तर ती वरून दिसावीत आणि खालून त्यांच्यावर तोफ डागावी, अशी योजना होती.

आम्हा दोघींची वरची तोंडे त्या टेहळणीच्या खोलीत शेजारी शेजारी होती. उजवीकडची मी, म्हणजे थोरली, सरळ तोफेच्या खोलीत जाई. माझ्यातून फक्त मोठे साहेब बोलत. बाकी कोणी मला हात लावला तर त्याला कोठडी. डावीकडची धाकटी रसोईघरात जाई. टेहळणी करणाऱ्याला जागा सोडता येत नसे, म्हणून त्याचे जेवण एका उभ्या भोकातून, रहाटावरच्या बादलीत घालून वर चढवत. बादली सोडताना रसोईघरातून वर सांगावे लागे, नाहीतर ती वरच्या माणसाच्या हनुवटीवर बसे.

दोघींना नियम मात्र एकच होता. ऐकलेले परत बोलल्याशिवाय बूच लावायचे नाही. खालून 'बादली सोडली' असे आले की वरच्याने 'बादली सोडली, ऐकलं' असे म्हणायचे. मगच बूच.

रसोईघरात एक आचारी होता, वयाने अगदी कोवळा. वरच्या खोलीत एक टेहळ्या होता, तोही तसाच. सुरक्षेसाठी आणखी एक नियम असा होता की वरच्यांनी खाली यायचे नाही, खालच्यांनी वर जायचे नाही आणि एकमेकांना नाव-गाव सांगायचे नाही. त्यांच्यामधल्या लोखंडी दाराला कुलूप असे. म्हणून या दोघांनी सबंध युद्धात एकमेकांचे तोंड पाहिले नाही. ओळख झाली ती नळीतून. आचारी त्याला दुर्बिणराव म्हणे. तो आचाऱ्याला पळीसाहेब म्हणे.

"बादली सोडली."

"बादली सोडली, ऐकलं."

"काय दुर्बिणराव, दिसलं का आज काही?"

"पाणी."

"नवीन आहे का?"

"कालचंच. जरा हललेलं. तुमच्याकडे काय, पळीसाहेब?"

"सूप. तुमच्यासारखंच आहे. पातळ, पण गरम."

आचाऱ्याला दिवसचे दिवस ऊन दिसत नसे. म्हणून तो रोज विचारी, आज समुद्राचा रंग कसा आहे? आणि टेहळ्या सांगे, आज शिळ्या चहासारखा, आज पाटीवरचं पुसल्यावर राहतो तसा. टेहळ्याला त्या खोलीत चिटपाखरू भेटत नसे. म्हणून तो विचारी, खाली कोण कोण जेवलं, कोण कोणाशी भांडलं? बोलणे संपले की आचारी आपली पळी भिंतीतल्या खिळ्याला अडकवी. त्याचा टिंग असा आवाज वरपर्यंत जाई. तो ऐकल्याशिवाय टेहळ्या बूच लावत नसे. हे नियमात नव्हते, पण त्याने पाळले.

युद्ध संपले की भेटायचे, असे त्यांचे ठरले होते. कुठे, ते मात्र ठरले नव्हते. "त्या दिवशी शिट्टी मारीन आणि सांगेन," असे दोघेही म्हणत.

आता तुम्ही विचाराल, हे सगळे तुला कसे ठाऊक? तू तर थोरली, साहेबांची. तेच तर माझे दुखणे आहे. हे मला आठवते ते माझ्या पायांकडून. माझे पाय धाकटीचे आहेत. ते कसे झाले, तेच आता सांगते.

युद्धात आमची तोफ एकदाही उडाली नाही. दारूगोळा जपायचा म्हणून सरावही कोरडाच होई. जहाजे आली नाहीत आणि एके सकाळी युद्ध संपल्याची बातमी आली. मोठे साहेब धावत वर आले. त्यांनी माझे बूच काढले, आणि त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा हसताना ऐकला.

"एक बार उडवा. आनंदाचा."

खालून उत्तर आले, "एक बार, आनंदाचा. ऐकलं."

मित्रांनो, शत्रूला आमचे काही वाकडे करता आले नाही. आमचे वाटोळे झाले ते आनंदाने. तोफ उडाली, सगळी टेकडी हादरली, आणि भुयाराचे मधले, आधीच ओलीने पोखरलेले छत खाली आले. तिथे कोणी नव्हते, म्हणून माणूस दगावला नाही. पण भिंतीला लागून जाणाऱ्या आम्ही दोघी मात्र कमरेतून तुटलो. बाहेर टोप्या उडत होत्या, गाणी चालू होती. आत दगड पडले हे कोणाच्या गावीही नव्हते.

पुढचे मला कायम दुभंगून ऐकू येते. वरच्या खोलीत माझ्या शेजारच्या तोंडात टेहळ्या फुंकर मारत होता. "पळीसाहेब! संपलं! वरच्या वाटेने या, मी थांबतो!" आणि खाली रसोईघरात आचारी फुंकर मारत होता. "दुर्बिणराव! संपलं रे! खालच्या दाराशी ये, मी थांबतो!" दोघांचे शब्द निघाले, आणि मध्ये दगडांच्या ढिगापाशी येऊन बसले. कोणालाही उत्तर मिळाले नाही. शेवटी खाली एकदा टिंग झाले. ते वर गेले नाही. वर बूच आपटल्याचा आवाज झाला. तो खाली गेला नाही. संध्याकाळच्या आत ट्रक आले आणि सगळ्यांना आपापल्या दिशेने घेऊन गेले.

त्यानंतर बरीच वर्षे आम्हाला कोणी विचारले नाही. खाऱ्या वाऱ्याने माझे पितळ हिरवे पडले. वरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर केले. खालच्या तोंडात एक रातकिडा राहायला आला आणि तोच काय तो बोलत राहिला. आम्ही चार तुकडे होतो. कुणाचा तुकडा कुणाचा, हे सुरुवातीला आठवत होते. पुढे तेही धूसर झाले. एकटे पडलेल्याचे असे होते का, मला ठाऊक नाही. माझे तसे झाले.

मग एक दिवस ठोकाठोकी सुरू झाली. शहाण्या, प्रेमळ माणसांनी ती जागा पुन्हा उभी करायचे ठरवले होते. दगड उचलले, छत बांधले, दिवे लावले. आमच्यासाठी एक फिटरबाई आल्या आणि सोबत त्यांचा नवरा. तोही फिटर, पण बोलण्यात जास्त. फिटरबाईंचा हात फार हलका होता. त्यांनी माशीचे घरसुद्धा असे काढले की माशीलाही वाईट वाटले नसेल. पण मध्ये भुयारात त्यांना चार गंजलेली टोके सापडली, चारही सारखीच. त्यांनी वरची दोन खालच्या दोनांना जोडली. तपासायला नवऱ्याला वर पाठवले आणि स्वतः रसोईघरातून बोलल्या.

"आला का हो आवाज?"

"आला!" नवऱ्याच्या तोंडात पाव होता.

"कुठून आला?"

"कुठून म्हणजे? इथूनच की!"

तो दोन्ही तोंडांच्या मधोमध उभा होता. झाले. मी पास.

त्या क्षणी माझ्या डोक्याला पाय फुटले, पण ते माझे नव्हते. वरच्या अर्ध्या अंगाला आठवत होते की आपण तोफेला हुकूम दिला. खालच्या अर्ध्याला आठवत होते की आपण सूप अळणी झाल्याची तक्रार ऐकली. मी रात्रंदिवस त्याचा मेळ घालत बसले. तोफ पातळ पण गरम होती का? सूप आनंदाचे होते का? शेजारी माझी बहीण, धाकटीचे डोके आणि थोरलीचे पाय, तिचीही तीच दशा. वर डाव्या तोंडावर 'रसोईघर' अशी चकचकीत पाटी लागली आणि उजव्या, म्हणजे माझ्या, तोंडावर 'तोफ'. दोन्ही पाट्या खोट्या होत्या. लावणारे मात्र खोटे नव्हते. अशा वेळी रागवायचे कोणावर?

जागा सर्वांसाठी खुली झाली, त्या दिवशी पूर्वी तिथे काम केलेल्यांना वर्तमानपत्रातून आमंत्रण दिले होते. मी दोन्ही तोंडांनी ऐकत होते. खालच्या तोंडाशी पावले आली.

"बाबा, सांभाळून. इथे पायरी आहे."

"मला सांगतेस? या पायरीवर मी उकळतं पातेलं घेऊन पडलोय."

"म्हणूनच सांगते. गुडघा बघा आपला, आणि ऐट बघा."

तो आवाज चिरका आणि म्हातारा होता. मी ओळखला नाही. पण त्याने भिंतीवरची पळी काढून हातात तोलली, परत खिळ्याला अडकवली, आणि टिंग झाले. माझ्या पायांतून एक शिरशिरी वर चढली आणि मध्याशी, जोडावर, गोंधळून थांबली. डोक्याला कळेना की पायांना काय झाले.

"हीच ना ती?" मुलगी म्हणाली. "बोला मग."

"कोणाशी बोलू? शेवटच्या दिवशी बोललो ना. वरून हूं नाही की चूं नाही. वरचा माणूस तो. गरज सरो नि वैद्य मरो."

"बाबा, हे मी लहानपणापासून ऐकतेय. आईला तर पाठ झालं होतं. एकदाची शिट्टी मारा आणि मोकळे व्हा."

त्याच वेळी वरच्या खोलीत दुसरी पावले आली होती. काठी टेकत आलेला, दम लागलेला एक म्हातारा, आणि त्याच्यामागे त्याची बायको.

"अहो, या एवढ्याशा भोकातून बोलायचात तुम्ही?"

"भोक नाही म्हणायचं. बोलनळी."

"बरं, बोलनळी. तोच ना तो, न सांगता निघून गेलेला?"

"तोच. फुंकून फुंकून गाल दुखले माझे. पातेलं रिकामं झालं की आचारी कशाला थांबतोय!" मग जरा थांबून, हळूच, "तरी पण मला वाटलं होतं, थांबेल."

म्हणजे त्यांचे वर्षानुवर्षांचे दुखणे तेच होते, तसेच होते. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती. त्या दिवशी दुसऱ्याने आपल्याला टाकले नव्हते, एवढे कळायला हवे होते. आणि ते कळायचा रस्ता म्हणजे मी. चुकीची जोडलेली मी.

टेहळ्याने डावीकडचे, 'रसोईघर' पाटीचे बूच काढले आणि फुंकर मारली. शिट्टी वाजली ती तोफेच्या खोलीत, शाळेच्या सहलीतल्या मुलांमध्ये. रसोईघरात शुकशुकाट.

"बघ," तो बायकोला म्हणाला. "आजही नाही."

त्याने बूच लावले. तेवढ्यात खाली आचाऱ्याने माझ्यात फुंकर मारली. वर शिट्टी वाजली, पण ती उजवीकडची, माझी.

"अहो, ही वाजतेय."

"वाजू दे. ती साहेबांची आहे."

"कोणते साहेब?"

"मोठे साहेब. त्या नळीला आपण हात लावायचा नाही. कोठडी आहे."

"अहो, तुमचे साहेब कधीच वर गेले."

"आपण वरच आहोत," तो म्हणाला. हात मागे बांधून तो तसाच उभा राहिला असणार, कारण त्याचे पाऊल हलले नाही.

मी पुन्हा वाजले. तो नियमाचा पक्का होता. मित्रांनो, बोलनळीला स्वतःचा आवाज नसतो. दोन्ही टोकांना काय चालले आहे ते ऐकायचे आणि गप्प बसायचे, एवढेच तिच्या हाती. तिसरी शिट्टी अगदी लहान झाली. फुंकणाऱ्याचा श्वास पुरला नाही.

"चल," खाली आचारी म्हणाला. "तेव्हाही नाही, आजही नाही. झालं माझं समाधान."

त्याने बूच माझ्या तोंडाला टेकवले. आणि वर बायकोने फट्कन माझे बूच ओढून काढले.

"कोण आहे?" ती ओरडली.

किती वर्षांनी तो प्रश्न मी ऐकला! खाली आचारी दचकून मागे सरला.

"बाई आहे कोणीतरी," तो मुलीला कुजबुजला. मग माझ्या तोंडाशी येऊन, "माफ करा बाई. चुकून वाजली."

"चुकून तीनदा?"

"सवयीनं हो. मी इथे स्वयंपाकाला होतो. बादली सोडली असं वर सांगायला लागायचं. बादली सोडली, म्हणायचं, आणि मग..."

वरच्या खोलीत काठी पडल्याचा आवाज आला. मग माझ्या वरच्या तोंडावर, साहेबांच्या तोंडावर, एक गरम, धापा टाकणारा श्वास आला.

"बादली सोडली," टेहळ्या म्हणाला. "ऐकलं."

दोन्हीकडून श्वास येत होते. ते माझ्या जोडापाशी एकमेकांना भेटत होते. त्या वेळी माझे डोके आणि पाय पहिल्यांदा एका देहाचे झाले.

"दुर्बिणराव?"

"बोला, पळीसाहेब."

"मेल्या, जिवंत आहेस?"

"तुझं सूप पिऊनसुद्धा."

आणि मग जे भांडण जुंपले ते काय सांगू! तू बोलला नाहीस, मी बोललो, खोटं बोलू नकोस, खोटं तू बोलतोस, मी दाराशी उभा होतो, कुठल्या दाराशी, खालच्या, अरे मी वरच्या. शेवटी टेहळ्याची बायको मध्ये पडली.

"अहो, येताना भुयारात पाटी वाचली ना आपण? त्या आनंदाच्या बाराने छत पडलं म्हणून? मग या नळ्या काय शाबूत राहिल्या असतील?"

"म्हणजे तू शिट्टी मारली होतीस," आचारी म्हणाला.

"म्हणजे तूही."

"तिथेच थांब. मी वर येतो."

"तू थांब, मी खाली येतो!"

एवढे दोघेही एकाच वेळी बोलले आणि दोघेही निघाले. बुचे लोंबकळत राहिली. ऐकलेले परत बोलायचा नियम, जो त्यांनी उभ्या युद्धात मोडला नव्हता, तो त्या आनंदात मोडला. टेहळ्या भुयाराच्या पायऱ्यांनी खाली गेला. आचाऱ्याचा गुडघा पायऱ्यांना तयार नव्हता, म्हणून मुलगी त्याला बाहेरच्या उताराच्या वाटेने वर घेऊन गेली. बऱ्याच वेळाने टेहळ्या रसोईघरात पोचला तेव्हा तिथे कोणी नव्हते, आणि आचारी टेहळणीच्या खोलीत पोचला तेव्हा तिथेही कोणी नव्हते. मी मध्ये. वरचा खाली, खालचा वर. आधीच माझ्या डोक्यात कमी गोंधळ होता का?

पण कोणीच लगेच नळीशी आले नाही. खाली टेहळ्याने बायकोला विचारले, "इथे एक खिळा असेल बघ." तिने दाखवला. मग टिंग झाले, हळूच. पुन्हा टिंग. वर आचाऱ्याचे पाऊल समुद्राकडच्या फटीपाशी जाऊन थांबले. तो तिथून हलेना. शेवटी मुलीने विचारले, "काय झालं, बाबा?"

"काही नाही. तो सांगायचा त्याहून मोठा आहे गं."

मग त्याने मित्राला शोधायला पाटी वाचली, 'रसोईघर', आणि माझ्या बहिणीत फुंकर मारली. तोफेच्या खोलीतून एका शिक्षकांचा आवाज आला, "हॅलो? इथे तोफ आहे!" आचारी म्हणाला, "मला स्वयंपाकघर पाहिजे." शिक्षक म्हणाले, "आजोबा, इथे मिळण्यासारखं नाही." पाहुण्यांना वाट दाखवत फिरणाऱ्या फिटरबाई तेव्हा त्याच खोलीत होत्या. त्यांनी ते ऐकले, आणि काय झाले असावे हे त्यांच्या लगेच ध्यानात आले. त्या "अरे देवा" असे म्हणाल्या, ते माझ्या बहिणीने मला सांगितले.

इकडे माझी बुचे उघडीच होती, म्हणून टेहळ्याने खालून माझ्यात नुसती हाक मारली. आता आचारी शहाणा झाला होता. त्याने पाटी न बघता आवाज ऐकला आणि माझ्याशी आला.

"नियम," टेहळ्या खालून म्हणाला. "आता नियमानं. तू थांब. मी येतो."

"मी थांबतो. तू येतोस. ऐकलं."

तो आला. काठीचा आवाज, धापा, मग दारात थबकलेले पाऊल. मी वरच्या तोंडाने जिवाचा कान केला. आयुष्यभर ज्यांचे बोलणे वाहिले, ते आता समोरासमोर काय बोलतात, ते मला ऐकायचे होते.

काहीच नाही. दोघे उभे होते आणि काहीच बोलत नव्हते.

"तू बुटका असशील असं वाटलं नव्हतं," शेवटी टेहळ्या म्हणाला.

"तुला टक्कल असेल असं मलाही नव्हतं वाटलं."

कोणीतरी घसा खाकरला. मुलगी म्हणाली, "बसा ना दोघं." दोघे बसले. बायको म्हणाली, "आता बोला की. वर्षानुवर्षं माझं डोकं खाल्लंत." ती दोन अनोळखी म्हातारी माणसे होती. एकमेकांचा चेहरा त्यांना परका होता आणि त्या चेहऱ्याशी कसे बोलायचे ते त्यांना कोणी शिकवले नव्हते. मला ते पुरते समजले नाही. पण थोडेसे समजले. मीही अशीच जोडलेली आहे.

मग आचारी उठला.

"मी असं करतो," तो लाजत म्हणाला. "मी जरा खाली जातो. शिट्टी मारतो."

"हो, हो," टेहळ्या घाईने म्हणाला. त्याच्या आवाजात केवढी सुटका होती! "सावकाश जा. मी आहे इथे."

टेहळ्याने माझे बूच पुन्हा लावले, आणि आचारी खाली गेल्यावर जी शिट्टी वाजली, त्यानंतर जागा बंद व्हायची घंटा होईपर्यंत ते दोघे बोलत होते. कोण जगले, कोण गेले, गुडघा, दमा, मुले, जावई. टेहळ्याने मधेच समुद्राचा रंग सांगितला. आचारी म्हणाला, "ठाऊक आहे, आज पाहिलाय," आणि तरीही, "पण सांग पुन्हा," असे म्हणाला. शेवटी टिंग झाले. ते वरपर्यंत आले. मग वर बूच लागले.

मित्रांनो, त्यानंतर फिटरबाई आल्या. त्यांचा आवाज रडवेला होता. "चूक माझी आहे, मी परत कापून नीट जोडते," असे त्या म्हणत होत्या. त्यांनी माझ्या जोडावर खडूने खूणही केली. दोघे म्हातारे म्हणाले, राहू दे. त्या जागेच्या प्रमुख बाई म्हणाल्या, इतिहास आहे, जसा होता तसाच पाहिजे. त्यांचेही खरे आहे. अजून काही ठरलेले नाही. मला विचाराल तर मला सांगता येत नाही. पुन्हा थोरली व्हावे, तर मला माझा हुकूम आठवेल आणि मी टिंग विसरेन. असेच राहावे, तर पाटी कायम खोटी. ज्यांना आपण कोण हे पक्के ठाऊक असते, त्यांचा मला हेवा वाटतो.

एवढे मात्र मागते. जुनी वस्तू दुरुस्त कराल तेव्हा आवाज आला की नाही एवढेच बघू नका, तो कुठून आला तेही विचारा. आणि तुम्हाला कोणी हाक मारली, आईने, आजोबांनी, रुसलेल्या मित्राने, तर निदान 'ऐकलं' एवढे म्हणा. उत्तर मागाहून दिले तरी चालेल. ते एवढे न मिळाल्यामुळे दोन चांगल्या माणसांचे आयुष्य एकमेकांवर रुसण्यात गेले.

माझे बोलणे झाले. नीट सांगितले की नाही, देव जाणे. पण नियम नियम आहे. बूच लावण्याआधी तुमच्या बाजूने एक शब्द यायचा आहे. मी थांबले आहे.